गडग्यांचा मुलूख

डार्टमूरचं नाव मराठी वाचकाच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते बहुतेक एका कुत्र्यामुळे. कॉनन डॉयलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' १९०१-०२ मध्ये मासिकातून क्रमशः आली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचा हा माळ म्हणजे धुकं, दलदल आणि रात्री कुठून तरी येणारं विव्हळणं, हे तेव्हापासून जगभर पक्कं झालं. त्या कादंबरीत होम्स काही दिवस माळावरच्या एका जुन्या दगडी झोपडीत दडून राहतो. झोपडी इतिहासपूर्व काळातली आहे एवढं सांगून डॉयल पुढे सरकतो. त्याला घाई असते, खुनी पकडायचा असतो. आपल्याला तशी घाई नाही, म्हणून हे पुस्तक त्या झोपडीपाशी थांबतं. ती कोणी बांधली, तिथे किती जण राहत होते, त्यांची गुरं कुठे चरत होती आणि शेजाऱ्याची हद्द कुठून सुरू होत होती, याची चौकशी करतं. माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

आधी जागेविषयी. डार्टमूर डेव्हन परगण्यात आहे. हा मुळात ग्रॅनाइटचा एक प्रचंड उंचवटा. १९५१ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे आणि उद्यानाचं क्षेत्र सुमारे ९५४ चौरस किलोमीटर. सगळ्यात उंच जागा हाय विल्हेज, ६२१ मीटर. सह्याद्रीच्या हिशेबाने हे टेकाडच, पण इतक्या उत्तरेला या उंचीवर हवामान वेगळंच वागतं. माळाच्या मध्यावरच्या प्रिन्सटाउन गावात वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. बारा महिने भुरभुरत राहतो. वरच्या भागात जमिनीवर कुजलेल्या वनस्पतींचा जाड काळा थर साचलेला आहे. त्याला पीट म्हणतात. पाय ठेवला की तो पाणी सोडतो. खालच्या उतारांवर गवत, हेदरची झुडपं आणि कमरेएवढा नेचा. झाडं फार थोडी. माथ्यांवर वाऱ्यापावसाने झिजलेल्या ग्रॅनाइटच्या राशी उभ्या आहेत, त्यांना टोअर म्हणतात. टोअरच्या पायथ्याशी धोंड्यांचा नुसता सडा पडलेला असतो. म्हणजे बांधकामाला दगड हवा तर खाण खोदायची गरज नाही, वाकून उचलायचा. या माळावर पुढे जे काही घडलं त्याचं अर्धं कारण हे फुकटचे धोंडे आहेत, आणि ते आजपर्यंत टिकलं त्याचं कारणही तेच.

अशा या माळावर दगडी गोल घरांचे सुमारे पाच हजार अवशेष मोजले गेले आहेत. बहुतेक कांस्ययुगातले, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातले. पाच हजार घरं एकाच वेळी नांदती होती असं मात्र कोणी समजू नये. हा हजारएक वर्षांचा साठा आहे. एक पडलं, दुसरं बांधलं, कधी जुन्याचे दगड नव्याला लागले.

यातलं एक घर जवळून पाहू. नवख्याला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. गवतात बुडालेलं एक कडं असतं, व्यास सहा ते नऊ मीटर, उंची गुडघ्याएवढी. नजर बसली की तपशील उमटू लागतात. भिंत दुपदरी आहे: आतल्या बाजूला मोठे धोंडे उभे करून रोवलेले, बाहेरही दगडांची रांग, मधल्या फटीत माती आणि बारीक दगड. एका बाजूला भिंत तुटलेली वाटते, तिथे दोन दगड समोरासमोर उभे असतात. ते दार. दाराचं तोंड बहुधा दक्षिणेकडे, आग्नेयेकडे किंवा नैर्ऋत्येकडे, म्हणजे ऊन येईल आणि उत्तरेचा वारा पाठीवर जाईल असं. काही घरांना दारापुढे एक वाकडी भिंत घातलेली असते, वारा थेट आत घुसू नये म्हणून. आत चूल, आणि जमिनीत खोदलेला एखादा खड्डा. कच्चं भाजलेलं मडकं थेट जाळावर तडकायचं, तेव्हा दगड तापवून पाण्यात टाकायचे आणि अन्न शिजवायचं. असे तडकलेले, काळवंडलेले गोटे या घरांत ढिगाने सापडतात. भिंतीच्या आतून खांबांचं एक वर्तुळ, त्यावर शंकूच्या आकाराचं गवती छप्पर. छपरातलं आज काहीही उरलेलं नाही. खांबांच्या खळग्यांवरूनच त्याचा अंदाज बांधायचा.

हाडंही उरलेली नाहीत. ग्रॅनाइटवरची माती इतकी आम्ल की हाड त्यात विरघळून जातं. म्हणजे हे लोक काय खात होते, गुरं किती वयाची कापत होते, माणसं कोणत्या आजाराने जात होती, या साध्या गोष्टी उत्खननात हाती लागत नाहीत. खापरं, गारगोटीची हत्यारं, पाट्यासारखे दळायचे दगड, कोळसा, एवढ्यावर भागवावं लागतं.

पुरावा इतका तुटपुंजा असला की कल्पनेला मोकळं रान मिळतं. ग्रिम्सपाउंडचंच पाहा. हॅमेलडाउन आणि हुकनी टोअर यांच्यामधल्या खिंडीत ही जागा आहे. सुमारे दीडशे मीटर व्यासाची दगडी भिंत आणि तिच्या पोटात चोवीस गोल घरं. १७९७ मध्ये रिचर्ड पोल्व्हील या पाद्र्याने हिला ड्रुइडांची, म्हणजे तिथल्या प्राचीन पुरोहितांची, न्यायसभा ठरवलं. दुसऱ्या कोणाला ती किल्ला वाटली. खरं तर दोन्ही बाजूंच्या उतारांवरून आतलं सगळं दिसतं आणि वरून धोंडा लोटला तर तो अंगणात येईल. असला किल्ला कोणी शहाणा बांधणार नाही. गुरं रात्री आत घ्यायची आणि लांडग्यांपासून राखायची, एवढंच त्या भिंतीचं काम असावं. आमच्याकडे गावोगाव कोंडवाडे होते, त्यांनाही कोणी कधी न्यायसभा म्हटलं नाही.

१८९४ मध्ये डार्टमूर एक्सप्लोरेशन कमिटीने इथे कुदळ घातली. सॅबाइन बेअरिंग-गूल्ड आणि रॉबर्ट बर्नार्ड ही त्यातली ठळक नावं. बेअरिंग-गूल्ड हे भारी प्रकरण होतं: गावचे पाद्री, कादंबरीकार, लोकगीतं गोळा करणारे आणि 'ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स' या गाजलेल्या स्तोत्राचे कर्ते. (होम्सकडे परत जायचं तर त्यांचेच नातू विल्यम बेअरिंग-गूल्ड यांनी पुढे होम्सचं कल्पित चरित्र लिहिलं. डार्टमूर सहजासहजी कोणाला सोडत नाही.) या मंडळींनी एकामागून एक घरं उकरली. आजच्या मापाने पाहिलं तर काम भरभर आणि ओबडधोबड झालं. थर नीट नोंदले गेले नाहीत, आणि ग्रिम्सपाउंडच्या पडलेल्या भिंतीचा बराच भाग त्यांनी हौसेने परत रचला. तिथे उभं राहून 'ही बघा कांस्ययुगातली भिंत' असं म्हणणाऱ्याने निदान अर्धी भिंत एकोणिसाव्या शतकाच्या खात्यावर टाकावी. तरी त्यांचं ऋण मोठं आहे. ड्रुइड गेले आणि त्यांच्या जागी चूल, कोळसा, गारगोटी आणि राबणारी माणसं आली, ती या कमिटीमुळे.

मात्र कमिटीची नजर घरांवर होती. भिंतीबाहेर पसरलेल्या गोष्टीकडे तिचं फारसं लक्ष गेलं नाही. ती गोष्ट म्हणजे रीव्ह.

कोकणात फिरलेल्या माणसाला रीव्ह समजवावी लागत नाही. चुना-माती न घालता दगडावर दगड रचून केलेला गडगा साडेतीन हजार वर्षं पडून राहिला, ढासळला, त्यावर गवत चढलं, तर जे उरेल ती रीव्ह. फूट-दीड फूट उंचीची, रुंद, मऊ दिसणारी एक वरंबी. जवळून पाहताना ती नगण्य वाटते. पण समोरच्या टेकडीवर उभं राहून, हिवाळ्यात नेचा वाळून आडवा झालेला असताना आणि ऊन तिरपं पडलं असताना पाहिलं, तर अख्खी डोंगरबाजू समांतर रेघांनी आखलेली दिसते. रेघांना काटकोनात आडव्या रेघा, मधे आयताकृती तुकडे, आणि तुकड्यांत कुठे कुठे ते गोल घर. यातल्या काही रेघा एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी पाहिल्या होत्या, पण त्यांना त्या जुन्या वाटा वाटल्या. १९६८ मध्ये एलिझाबेथ गॉन आणि जॉन सॉमर्स कॉक्स या स्थानिक संशोधकांनी समांतर रीव्हांवर लेख लिहिला. त्याचाही फारसा गवगवा झाला नाही.

मग १९७०च्या दशकात शेफील्डचे अँड्र्यू फ्लेमिंग या माळावर पायी हिंडू लागले. रीव्हांचं वय आणि व्याप्ती दोन्ही त्यांनी उलगडली. सर्वसाधारणपणे इ.स.पू. १७०० ते १५०० या दरम्यान डार्टमूरच्या कडेकडेचा मोठा भाग अशा गडग्यांनी वाटून घेतला गेला होता. त्यांची एकूण लांबी दोनशे किलोमीटरांहून जास्त भरते. एकट्या रिपन टोअरच्या जाळ्याखाली तीन हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे. पश्चिमेकडची ग्रेट वेस्टर्न रीव्ह एकटीच दहा किलोमीटरांहून लांब. खाली दरीत एका वस्तीची आखलेली शेतं, शेतांच्या वरच्या टोकाला एक आडवी शेवटची रीव्ह, आणि तिच्या पलीकडे मोकळा माळ, सगळ्यांच्या चराईचा, म्हणजे गायरान. फ्लेमिंग यांनी रेखाटलेलं चित्र साधारण असं आहे. १९८८ मध्ये आलेलं त्यांचं 'द डार्टमूर रीव्ह्ज' हे पुस्तक (सुधारित आवृत्ती २००८) वाचनीय आहे. पुरातत्त्वाच्या पुस्तकांविषयी हे दरवेळी म्हणता येत नाही.

यातली डार्टमीटची रचना मला सगळ्यात चकित करते. डार्ट नदीने तिथे खोल घळ कापली आहे. शेताची रेघ आखणारा कोणीही माणूस घळीच्या काठाशी थांबला असता, नदी हीच हद्द धरली असती. या रेघा थांबत नाहीत. होन मूरवरून निघालेली आखणी घळीत उतरते आणि पलीकडच्या उतारावर त्याच दिशेने चढते. जमिनीचा उतार, ओढा, खडक, कशाचीही त्या दिशेला पर्वा नाही. कोणी तरी आधी दिशा ठरवली आणि जमिनीने ती मानावी असा आग्रह धरला.

कोण ठरवणार? आपल्याकडे एक फूट बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ तीन पिढ्या कोर्टात उभे राहतात. तलाठी, सात-बारा, मोजणीची साखळी, सगळं असून ही गत. तिथे लिपी नव्हती, राजा होता याची खूण नाही, मोठा वाडा नाही, गढी नाही. जवळपास एकसारखी गोल घरं आणि किलोमीटरच्या किलोमीटर सरळ रेघ. फ्लेमिंग यांचं उत्तर असं की हे एखाद्या सरदाराच्या हुकमाने झालेलं नाही. दऱ्यादऱ्यांतल्या समूहांनी आपसांत बसून जमीन वाटली, सामायिक माळ सामायिक ठेवला, आणि ही सामूहिक व्यवस्था हीच त्या समाजाची घडण होती.

२००५ मध्ये रॉबर्ट जॉन्स्टन यांनी या चित्राला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं की आराखडा असा काही नव्हताच. जमीन वापरण्याच्या जुन्या सवयी, आधीच्या वाटा, आधीची थडगी, झाडीतल्या मोकळ्या जागा यांच्या आधाराने एकेक भिंत पिढ्यान् पिढ्या जोडली गेली. आज वरून पाहताना आपल्याला ती एकदम आखल्यासारखी दिसते. या म्हणण्यात तथ्य आहे. फ्लेमिंग यांच्याच होन मूरवरच्या उत्खननात दगडी भिंतीच्या आधीचं लाकडी कुंपण सापडलं होतं. म्हणजे दगड हा पहिला टप्पा नव्हे, आधी ठरलेल्या रेघेला नंतर दिलेली मजबुती. पण मला जॉन्स्टन यांचा युक्तिवाद घळीच्या काठापर्यंतच पटतो. तुकड्यातुकड्याने वाढणाऱ्या गोष्टीला घळ ओलांडून तीच दिशा धरायचं काही कारण नाही. भिंती सावकाश झाल्या असतील, पन्नास वर्षं लागली असतील, दोन-चार ठिकाणी वाकड्याही गेल्या आहेत. दिशा मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती. हद्दीचा हा करार कुठेही लिहिलेला नाही. उतारावर रचून ठेवलेला आहे, आणि तो आपण अजून वाचू शकतो.

गडग्यांमागे काय होतं हेही पाहायला हवं. आखलेल्या शेतांवरून भरघोस धान्याची कल्पना करायचा मोह होतो. पीटमध्ये अडकलेले परागकण वेगळं सांगतात: गवत आणि कुरणात उगवणाऱ्या वनस्पती भरपूर, धान्य थोडं. हा मुख्यतः गुराढोरांचा कारभार होता. त्याचा एक पुरावा असा आहे की त्याला तर्काची गरजच पडत नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात चिनी मातीच्या खाणींचा पसारा वाढणार म्हणून शॉ मूरवर जेफ्री वेनराइट यांच्या देखरेखीखाली मोठं उत्खनन झालं. तिथल्या एका रीव्हेलगतच्या चरात चिखल होता आणि चिखलात खुरांचे ठसे. गुरं, मेंढ्या, घोडा. कळप हाकत नेला गेला, चिखल तुडवला गेला, वर माती पडली, आणि ठसे तसेच राहिले. जिथे हाड टिकत नाही तिथे खूर टिकला.

त्याच शॉ मूरवर एक आवार निघालं, आत गोल घरं आणि भोवती दगडी भिंत. भिंतीला दारच सापडलं नाही. ही काही उत्खननातली हयगय नव्हती, भिंत बारकाईने तपासली होती. लोक पायऱ्या किंवा शिडीने चढून आत जात असतील असा अंदाज केला जातो. मग गुरं आत नव्हती, बाहेर होती. म्हणजे ग्रिम्सपाउंडच्या भिंतीने गुरं आत राखली आणि शॉ मूरच्या भिंतीने ती बाहेर ठेवली. एकाच काळातले, एकाच माळावरचे दोन वाडे आणि दोन उलट रिवाज. 'कांस्ययुगातला माणूस असा राहायचा' अशी वाक्यं या पुस्तकात कमी आढळतील, ती यामुळे.

या माणसांच्या अंगावर काय होतं, हातात काय होतं, हे तर कळणारच नाही असं बरीच वर्षं वाटत होतं. २०११ मध्ये व्हाइटहॉर्स हिल या उंच जागी पीटमधून उघडी पडू लागलेली एक दगडी पेटी तज्ज्ञांनी उघडली. आत एका तरुण व्यक्तीची जळलेली हाडं अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली. शेजारी झाडाच्या सालीच्या तंतूंची करंडी. खाजकुयलीसारख्या खाजऱ्या पाल्याच्या झुडपाचे, नेटलचे धागे विणून केलेला, चामड्याची किनार लावलेला पट्टा. गुरांच्या केसांनी विणलेला, कथिलाचे बारीक दाणे बसवलेला हातातला गोफ. दोनशेहून जास्त मणी, त्यांत अंबर, म्हणजे उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरून हातोहात आलेला जिन्नस. आणि कर्णभूषणांसारख्या चार लाकडी चकत्या. काळ इ.स.पू. १७३० ते १६००. रीव्हा आखल्या जात होत्या तेच दिवस. माळावर इतरत्र पाणी आणि आम्ल यांनी हाडं खाल्ली हे खरं, पण हवाबंद पीटने इथे कातडं, केस आणि सालीची करंडी राखून ठेवली. माळावरचे लोक म्हणजे जगापासून तुटलेले गवळी, ही समजूत त्या एका पेटीने मोडीत काढली.

मग हे सगळं सोडून लोक गेले का? हळूहळू गेले. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या अखेरीकडे हवा ओली आणि थंड होत गेली. टोअर रॉयलच्या दलदलीतल्या सूक्ष्म जीवांच्या अभ्यासातूनही तसा कौल मिळतो. पीट वाढला, जमीन निकस झाली. पण केवळ पावसाने माणसं हुसकली असं म्हणणं सोपं आहे म्हणून ते सगळ्यांनी उचललं. खालच्या सुपीक दऱ्यांत व्यवहार वाढले असतील, वरचं नातं सैल झालं असेल. आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावविषयी हाच वाद झालेला आहे: घोड नदीकाठची ती ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ.स.पू. ७००च्या सुमारास उठली, तिथे दोष दुष्काळाला दिला गेला. योगायोग असा की इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. त्यावरून डार्टमूरशी नातं जोडायचं कारण नाही. मातीची झोपडी आणि ग्रॅनाइटचं कडं यांच्यात गोलाईपलीकडे काही समान नाही. खरा दुवा वेगळा आहे. इनामगावच्या उत्खननामागे ज्यांची परंपरा उभी होती ते डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया लंडनमध्ये शिकत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर काम करून आले होते. डॉर्सेटमधला तो मातीच्या तटांचा डोंगरी किल्ला डार्टमूरपासून फार लांब नाही. दक्षिण इंग्लंडच्या मातीत शिकलेली थर वाचण्याची शिस्त अशी पुण्याला पोचली.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. प्रकरणं घरापासून सुरू होऊन वाड्याकडे, वाड्याकडून शेताकडे आणि शेताकडून मोकळ्या माळाकडे जातात. दगडांच्या रांगा, उभे मोठे दगड आणि थडगी यांना एकच प्रकरण दिलं आहे, त्याबद्दल काही वाचक नाराज होतील. त्यांच्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंच वाचवत नाही. ठिकाणांची नावं स्थानिक उच्चाराच्या जवळ नेण्याचा प्रयत्न आहे. जिथे उच्चारच दोन आहेत तिथे एक निवडला आहे.

ज्यांना प्रत्यक्ष जायचं असेल त्यांनी फेब्रुवारी-मार्च गाठावा. उन्हाळ्यात हवा चांगली, पण नेच्यात रीव्ह दिसत नाही. धुकं दुपारीही उतरतं, तेव्हा नकाशा आणि होकायंत्र जवळ हवं, मोबाइलवर विसंबू नये. माळाच्या उत्तर भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. त्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि सरावाच्या दिवशी टेकड्यांवर लाल बावटे लावतात. बावटा दिसला तर मागे फिरायचं. यातली बरीच स्थळं कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा दगड हलवायचा नाही, रचायचा तर मुळीच नाही. रचण्याचं काम १८९४ मध्ये गरजेपेक्षा जास्त झालेलं आहे.